तुटक रेषा

अँटॉप हिलच्या पेटंट कचेरीत जे कागद जातात
त्यांतल्या आकृत्या मी काढते. एकोणतीस वर्षं.
आधी ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनानं, श्वास धरून;
आता घरी, पडद्यावर. श्वास तसाच धरते.

नियम थोडे आहेत.
रेषा काळी. रंग नको. माप नको.
प्रत्येक भागाला एक क्रमांक, आणि क्रमांकापासून भागापर्यंत
केसासारखी एक रेघ.
ज्याच्यावर दावा आहे ते अखंड रेषेत.
ज्याच्यावर नाही, टेबल, भिंत, हात, माणूस,
ते तुटक.

यंदा सगळ्यालाच डोळा फुटलाय.
जूनमध्ये दाराची घंटा काढली, भिंग १०४.
मग छत्रीची मूठ. मग शर्टाचं बटण,
चार भोकांतलं एक दोऱ्यासाठी नसलेलं.
वकीलसाहेब, बेहराम दुबाश, पान उलटताना म्हणाले,
"उद्या चमचा बी बघेल, बाई, आपन काय खाते ते."
आणि बिल केलं.

दिवाळीनंतर सरपोतदार आला, पवईचा, सव्वीस वर्षांचा.
खिशातून कपड्यांचा चिमटा काढून टेबलावर ठेवला.
निळा, प्लास्टिकचा, आपल्याकडे असतो तसाच.
कपडा वाळला की हा फोनवर सांगणार.
कबुतर बसलं तर सांगणार.
शेजाऱ्याचा टॉवेल आपल्या दोरीवर सरकला तर तेही.
आई नोकरी करते, म्हणाला, वाळत घातलेलं विसरते,
तिच्यासाठी सुचलं.
पोरगा चांगला होता. मला राग येईना.
तीच अडचण.

आकृती चार: दृष्टिक्षेत्र.
चिमट्यापासून निघून पसरत पसरत
समोरच्या इमारतीपर्यंत जाणारा त्रिकोण.
"सामने कायतरी दाखवा," दुबाश म्हणाले, "खिडकी, मानूस.
नायतर तिकडच्या साहेबाला कळत नाय."
खिडकी काढली. जी डोळ्यांसमोर होती तीच.

वडाळ्याला, आमच्या दोऱ्यांसमोर, हेमलता उपळेकरांची खिडकी आहे.
साडेदहाला, नवरा कामावर गेला की,
त्या टोपी काढतात
आणि केस गेलेलं डोकं उन्हाला देतात.
दहा मिनिटं, डोळे मिटून.
इकडे चार मजले, चोवीस दोऱ्या,
कुणी ना कुणी पिळत असतं, झटकत असतं.
ठराव झाला नाही, फलक लागला नाही.
फक्त माना वळतात.
सुमती लोटलीकर तर तेवढ्यात खाली भाजीवाल्याशी भांडण काढते,
उगाच, दोन रुपयांवरून,
सगळ्यांना बघायला दुसरं काहीतरी हवं म्हणून.

ह्याला आपल्यात कानाडोळा म्हणतात.
त्यात कान आहे, डोळाही आहे.
चिमट्यालाही दोन्ही बसवलेत, १०६ आणि १०८.
दाव्यांची अकरा कलमं मी वाचली, परत वाचली,
मान कुठे वळते ते सापडलं नाही.

नियमाप्रमाणे बाई तुटक यायला हवी.
काढली तशी. कपाळ तुटक, कान तुटक,
मिटलेल्या पापण्या तीन तीन तुकड्यांत.
मग बघत बसले.
चूक काहीच नव्हती, तिच्यावर कुणाचाच दावा नाही,
पण त्या फटींतून ती सांडत होती.
रात्री सव्वा वाजता मी तिला पाठमोरी केली
आणि एकेक रेषा जोडत गेले.
क्रमांक दिला नाही.

परवा कचेरीचं पत्र आलं.
आकृती ४ मधील एक घटक अखंड रेषेत असून
त्यास संदर्भ-क्रमांक नाही.
सदर घटक शोधाचा भाग आहे किंवा कसे,
याचा खुलासा करावा.

दुबाशांनी फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "एकोणतीस वरसात आपन चुकला नाय, बाई."
मी म्हटलं, नाही.

पत्र चिमट्यांच्या टोपलीखाली ठेवलंय. लाकडी चिमटे,
दोन तुटलेले, टाकवत नाहीत.
मुदत आहे अजून.
ऊन चांगलं पडलंय.
खाली दोन रुपयांवरून आवाज चढलाय,
म्हणजे टोपी निघाली असणार.
मी चादर झटकतेय.