पाळी

वडगावात, आमच्या गल्लीत
पाळी म्हटलं की आधी मागाची.
दिवसपाळी, रातपाळी.
शंकराण्णा शटर वर करतो
त्या आवाजानं कुत्रीसुद्धा उठतात.
दुसरी पाळी कुणी मोठ्यानं म्हणत नाही.
बाजूला बसलीय, एवढंच.

ती माझी गेल्या संक्रांतीपासनं आली नाही.
मनात म्हटलं, सुटलो.

मी 'सुटलो'च म्हणतो.
आमच्याकडं बाया अशाच बोलतात, मी जातो, मी आलो.
पुण्याची सून हसते,
आई, तुम्ही काय बाप्या आहात का?

सुटलो कुठलं.
रात्री दोनाला मानेतनं जाळ निघतो,
उठून मोरीत बसतो
गार फरशीला पाठ लावून.
पंखा पाचावर. हे गोधडीत मुटकुळं करून विचारतात,
"काय व्हायलंय तुला?"
काय सांगू. आत कुणीतरी चूल पेटवून
वर भांडं ठेवायचंच विसरलंय.

मग दम.
कांड्यांची बुट्टी घेऊन जिना चढताना
दोनदा थांबायला लागलो.
जबडा दुखायचा, मला वाटलं दाढ.
डाव्या खांद्यामागं कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं,
मला वाटलं, कांड्या भरून भरून झालं असेल.
बाईच्या दुखण्याला नावं घरातच मिळतात,
दुकानात जावं लागत नाही.
पित्त. वारं. वय.

सुगंधा बिर्जेला मिळालेलं नाव गॅस.
माझ्या जोडीची, पलीकडच्या मागावर गाठी मारायची.
पोरगा पळत जाऊन जिरासोडा आणला.
अर्धा प्याली.
उरलेल्यात बुडबुडे येत होते
ती गेल्यावरसुद्धा.

तेराव्यानंतर मी सिव्हिलला गेलो, एकटीच.
बाकावर सगळे गडी, छाती धरून.
एकजण म्हणाला, मावशी, बायकांचं पलीकडं,
ही रांग हार्टची.
हार्टचंच आलोय, म्हटलं.
बोलण्यात बाप्या होतोच, आता रांगेतपण.

चिठ्ठी कन्नडात.
सिस्टर शिवलीला गोकाककडची, विचारली,
"मुट्टु निंतु एष्ट दिन आतु?"
तिला मराठी अर्धं, मला कन्नड अर्धं,
पण एवढं दोघींना पुरलं.
वरीस, म्हटलं. ती लिहून घेतली.

छातीला चिमटे लावले. कागद निघाला सरसर.
मी जन्मभर सूत बघितलंय,
कुठं ओढ जास्त, कुठलं तुटायच्या बेतात,
डोळ्याआधी बोटाला कळतं.
रेघेवर बोट ठेवून म्हटलं,
सिस्टर, हितं धागा बसलाय.
ती हसली नाही. डॉक्टरला बोलवायला गेली.

डॉक्टर म्हणजे पोरगी, बेळगुंदीची निघाली.
म्हणाली, पाळी होती तोवर आत एक राखण बसलेली,
ती उठून गेली, मावशी.
आता दाराशी तुम्हीच बसायचं.
गोळ्या दिली, मीठ काढून घेतली,
रोज चालायला सांगितली. आणि म्हणाली,
परत जबडा दुखला तर दातवाल्याकडं नाही,
थेट हितं. रात्र असली तरी.

दुसऱ्या दिवशी शंकराण्णाला म्हटलं, रातपाळी बंद.
का, म्हणाला.
बारा माग खडखडत होते. हळू बोलून भागणार नव्हतं.
ओरडूनच सांगितलं,
पाळी गेलीय माझी! हार्टला त्रास व्हायलाय!

तो खाली बघून वहीत काहीतरी खोडायला लागला.
माग चालूच.
कोपऱ्यात गंगव्वा मात्र
कांडी हातात तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली,
आणि मग हळूच
आपला जबडा चाचपली.