मागचा डावा पाय

गोथेनबर्ग. नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
दोरखंडांच्या बंद पडलेल्या कारखान्यात मी मांडल्या बत्तीस खुर्च्या,
आली एकोणीस माणसं आणि एक तान्हं.
कॉफी मात्र बत्तिसांची होऊन बसली होती.

वाजवणारे चौघे, एकमेकांच्या दृष्टीस कधी न पडलेले.
केब्बाचा कोरा ब्रिकामाहून आला, मागे आरवणाऱ्या कोंबड्यासकट.
कोंबडा मी काढला.
रेसिफेचा झाबुंबा आठवडाभर उशिरा, माफीच्या तीन ओळी घेऊन.
ह्राचुहीचा दुदुक ग्युम्रीहून, सगळ्यात शेवटी, एका दमात.
आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या खाली, टोरब्यॉर्नचा बास,
इथलाच, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडच्या
त्याच्या स्वयंपाकघरातला.
मी फक्त टाके घातले.

बटण दाबलं. अकरा मिनिटं.
शब्द नसले की डोळे कुठे ठेवावेत ते माणसं विसरतात.
कुणी छताकडे, कुणी स्वतःच्या बुटांकडे.
तान्हं झोपलं, त्याच्या बापाचा पाय जागा झाला.

संपल्यावर टाळ्या आधी बिचकल्या.
मग ताउनो उठला, गोदीतला म्हातारा,
उजवा कान रिव्हेटांनी खाल्लेला:
"सातव्या मिनिटाला जे कुरकुरलं ना,
तो धक्क्यावरचा दोर. भरलेलं जहाज जरा हललं
की अगदी असाच बोलतो."

"दोर कसला, दार आहे ते," सिरानुशबाई म्हणाल्या.
"आमच्या घरचं. पडलं, त्या घरचं."
पुढे बोलल्या नाहीत.
आम्हीही साखर ढवळत राहिलो.

न्यिमामावशीला कुरकुर ऐकूच आली नव्हती.
"केब्बाची तिसरी तार अजून उतरलेलीच आहे.
बापाचीही असायची. फोन कर त्याला, आत्ता कर."

विल्मर, संगीताचा विद्यार्थी, हाताची घडी:
"सगळं छान, पण ह्यात जॅझ कुठे आहे?"
"माझ्या उजव्या बाजूला असेल," ताउनो म्हणाला,
"तिकडचं मला कळत नाही."

आणि एलोफ, वय सहा, पहिल्या रांगेतून ठणकावून:
"कुणीतरी पादलं!"
तेव्हा कुठे खोली मोकळी झाली.
शेवटच्या रांगेत, कोट न काढता बसलेल्या
इंगेयर्डही हसल्या.

खुर्च्या एकात एक घालताना त्या मदतीला आल्या.
"मागचा डावा पाय," म्हणाल्या.
"तीस वर्षं सांगत होते, सरस लाव.
वाजवताना तो कायम पुढे वाकलेला,
नावं ठेवत, स्वतःलाच.
मनासारखं झालं तरच मागे रेलायचा.
वर्षातून दोनदा. फार तर."

टोरब्यॉर्न ऑगस्टमध्ये गेला.

सांगायला माझ्याकडेही होतं.
की ती कुरकुर मी काढली होती, पहिल्याच रात्री,
कोंबड्याबरोबर.
तर दुदुक अधांतरी लोंबकळायला लागला:
तिकडे ग्युम्रीत ह्राचुही कान लावून थांबली होती,
खुर्चीने खूण केली तेव्हाच तिने फुंकर घातली होती.
म्हणून परत ठेवली.
मायेने नव्हे, हिशेब जुळेना म्हणून.

सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं,
"तेवढंच मिळेल का? बाकीचंही सुंदर आहे,
पण तेवढंच."
दोन सेकंद कापून फोनवर दिले.

पलीकडे थांब्यावर त्या उभ्या, फोन कानाशी,
मधूनच मान हलवत.
अकरा नंबरची ट्राम आली,
दार उघडून जरा थांबली, गेली.

उरलेली कॉफी मी बेसिनमध्ये ओतली.
केब्बाला तारेचं कळवायचं राहिलंय.