घोट्याएवढं पाणी

स्प्लिटला पोचले तेव्हा उन्हं कलली होती.
हातात खोलीची किल्ली, पायात फुगलेला गुडघा
आणि जेवणापर्यंत तीन तास मोकळे.
घरमालकीण विंका म्हणाली, उतारानं सरळ खाली जा,
रूळ ओलांडलेस की बाच्वित्से.

समुद्र इथं लाजाळू.
पन्नास पावलं आत चालत गेलं तरी घोटेच भिजतात.
खाली वाळू, बारीक, दाबून बसवलेली,
जशी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी
आम्ही बादल्यांनी पाणी मारून मैदानाची माती बसवायचो.

पाचजण गोलात उभे.
मध्ये एक चेंडू. टेनिसचा, पण सोललेला,
संत्र्याची साल काढावी तशी त्याची लव काढून टाकलेली.
तळहाताचा टोला, की तो दुसऱ्याकडे,
दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे.
चेंडूनं पाण्याला शिवायचं नाही.
कायदा म्हणून एवढाच.

मी तीस वर्षं खो-खोची गुणलेखक.
टेबल, घड्याळ, कार्बन घातलेला तक्ता,
कोण कितव्या सेकंदाला बाद, खो मिळायच्या आत कोण उठली.
एकदा माझी पेन्सिल घसरली आणि एक शाळा हरली.
त्या नऊ मुलींच्या वेण्यासुद्धा मला आठवतात.
तेव्हा काठावर उभ्या उभ्या बोटं लागलीच कामाला:
सतरा. पडला.
नऊ. पडला.
एकतीस,
आणि एकतिसाव्याला तो म्हातारा,
सत्तरीचा, सुटलेलं पोट, विटकी लाल चड्डी,
सरळ हवेत आडवा झाला.

गरज नव्हती. चेंडू हाताच्या अंतरावर होता.
तरी उडाला, पाय मागे ताणून,
टिटवीसारखा ओरडला
आणि थाप्पकन पोटावर पडला.
चेंडू वर. अजून वर.
उन्हात दिसेनासा.

मी विचारलं, कोण जिंकतंय?
लोव्रे नावाच्या पोरानं म्हाताऱ्याला समजावून सांगितलं.
पाचही जण थांबले. चेंडू पाण्यात पडला,
तरंगत माझ्या पायाशी आला.
याक्शा (त्याचं नाव नंतर कळलं) हसला नाही.
कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बोलत राहिला.
लोव्रेनं मला दिलं ते दोनच शब्दांत:
"कुणाविरुद्ध?"

यावर माझ्या तक्त्यात रकाना नाही.

मग त्यानं हातानं बोलावलं, ये.
मी गुडघा दाखवला.
त्यानं दोन्ही दाखवले,
दोन्हींवर गोणपाट शिवल्यासारखे टाके.
सलवार दुमडली, चष्मा एका अनोळखी बाईच्या टोपीत ठेवला
आणि गोलात शिरले.
सोळाव्या वर्षी जायबंदी होऊन टेबलाशी बसले होते;
तिथून उठायला इतकी वर्षं
कुणी खोच दिला नव्हता.

पहिला चेंडू कानाला लागला.
दुसरा पाण्यात.
शिट्टी नाही, बोट वर नाही,
लोव्रे नुसता वाकला, उचलला, पुन्हा उडवला.
तिसऱ्याला मी हात घातला आणि तोल गेला,
नाकातोंडात खारट पाणी, केसांत वाळू, ओढणी कुठल्या कुठे,
आणि वरून कुणीतरी मोठ्यांदा ओरडलं
ते माझ्यासाठी होतं.
चेंडू चांगला वर गेला होता म्हणे.
मी कसा पाहणार, मी खाली होते.

बोटं मोजत होतीच. सवय ती.
बत्तीस, तेहेतीस, याक्शा, लोव्रे, मी,
अडतीस, मी, मी, पुन्हा याक्शा.
फक्त आकडा नेऊन कुणाला द्यायचा
ते त्यांना कळेना.

रात्री जिना चढताना गुडघा भोपळ्याएवढा.
विंकानं न विचारता गोठवलेल्या मटारची पिशवी आणून ठेवली.
मग विचारलं, काय, कसं झालं?
मी म्हटलं, त्रेचाळीस.
बरं, म्हणाली,
आणि खिडकी थोडी उघडून गेली.