पहिला

डॉक्टर हुक्केरीबाईंनी रिपोर्टाच्या पाठीवर
दोन फाटे काढले,
एक लिम्फोचा, एक मायलॉइडचा.
"दोन्हीला तीव्रच म्हणतात. पोरांत बहुतेक वेळा हा पहिला.
तुमच्या प्रांजलचाही."
पेन तिथंच टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका वाढत गेला.

मी उद्यमनगरातल्या फौंड्रीतला माणूस.
कास्टिंग आतनं पोकळ असलं
तर हातोडीच्या एका टोल्यात ओळखतो, बद्द वाजतं.
पोराच्या मांडीवर निळे डाग उठले तेव्हा मात्र म्हणालो,
पडला असशील तालमीत.

हाडाच्या आत भट्टी असते, त्या सांगत होत्या,
तिथनं पांढऱ्या पेशी कच्च्याच बाहेर पडतात,
गर्दी करतात, तांबड्यांना जागा उरत नाही.
मी विचारलं, रिजेक्ट माल परत वितळवता येत नाही का?
त्या हसल्या नाहीत.
"औषधं तेच करतात. दोन-अडीच वर्षं धरा.
बरी होतात पोरं, पुष्कळ."

दुसऱ्या फाट्याचा इलाज थोड्या महिन्यांचा, पण जहाल.
तिसराही एक आहे, सावकाशीचा, पोरांत क्वचित.
पार्ट नंबरासारखं सगळं घोकलं,
रात्री शुभदाला सांगायचं होतं.

बाहेर बाकावर प्रांजल, खांद्याला कापसाचा बोळा,
कागदात डोकावला.
"पप्पा, माझा कितवा?"
"पहिला," म्हणालो.

शाळेत कधी आला नव्हता.
शाहूपुरीपर्यंत स्कूटरवर मागनं
सगळ्यांना सांगत आला.