कुर्म्याचं छप्पर

अंधाऱ्या पाखात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही,
एवढं आम्हाला माहीत होतं.
बाकी काही नाही.
छपरावर चढणं बाईचं काम नाही,
या छपराखाली येणं पुरुषाचं नाही,
म्हणून गावाबाहेरचं हे एक घर
वीस पावसाळे कुणाच्याच हातात नव्हतं.

मागच्या पोळ्याला मासे तीन रात्री
भिंतीला टेकून उभ्यानं झोपली,
डोक्यावर खताची रिकामी पिशवी.
चौथ्या दिवशी नदीवर न्हाऊन घरी गेली
आणि कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

रैनी म्हणते, जाळून टाका हे घर.
मग तीच माहुलीच्या सालीचा भारा
ओढ्यात भिजत घालून आली.
म्हणाली, जाळायचं तेव्हा जाळू,
तोवर गळायला नको.

डोलू पुंगाटी, ज्यानं या पट्ट्यातली
निम्मी घरं शाकारली,
ओढ्यापलीकडे मोहाखाली येऊन बसला.
आमच्याकडे पाठ करून.
मोहाशीच बोलतो आहे असा बोलत राहिला,
फक्त जरा मोठ्यानं.

“आडं वर घ्या. अजून. पानी काही आळशी नसते,
दोन बोटं सपाट जागा दिसली का बसते.”
आम्ही आडं वर घेतलं.
वासे बांधले, त्यावर कमच्या,
गाठ आतल्या अंगाला, पीळ दोनदा.
“बांधलं का?”
बांधलं.
“लोंबकळून पाहा एकजण.”
रैनी लोंबकळली. वासा कुरकुरला, सुटला नाही.
पलीकडे पाठ हसली.

मग माहुलीची पानं, एकावर एक,
मासळीच्या खवल्यांसारखी.
मग गवत. वरून सुरुवात केली मी,
तर तो न बघताच ओरडला, “खालून!
वळचणीपासून वर चढत जा,
वरच्या पेंढीनं खालचीचं तोंड झाकलं पाहिजे.”
त्याला कसं कळलं, विचारू नका.
गवताच्या आवाजावरून, म्हणे.

तीन दिवस लागले.
हाताला कुसळं, केसांत कुसळं,
जेवताना भातातही एक.
बिजेचा पाळणा दारातल्या फांदीला,
ती दर तासाला उतरायची, पाजायची, चढायची.
गावातून जाणारे पुरुष
वाट सोडून लांबून गेले,
आणि लांबून जाताना मान वळवून गेले.

चौथ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं तेव्हा,
तो म्हणाला, “आता आत जाऊन निजा साऱ्याजणी.
वर पाहा. जिथून सूर्य येते, तिथून पानी येते.
सूर्य मोजा.”

आम्ही निजलो. थंड, शेणाच्या ओल्या वासाच्या भुईवर,
पाचजणी, खांद्याला खांदा.
या घरात आम्ही कधी
एकत्र निजलो नव्हतो.
अंधार इतका नवा होता की कुणी हसायला लागलं.
एक सूर्य मासेच्या पोटावर.
दोन माझ्या तळव्यावर, मूठ मिटली तर मुठीवर.
एक रैनीच्या कपाळावर, बरोबर मधोमध,
ती हलली नाही.

“किती?” पलीकडून.
सात!
“खालून काडी खुपसा. वरच्याले काडी दिसन,
तिथं पेंढी सारा.”

काड्या खुपसल्या. पेंढ्या सारल्या.
सहा विझले.
सातवा सापडेना, तो सरकत होता,
मासेच्या पोटावरून चुलीकडे,
चुलीवरून दाराकडे.
रैनी म्हणाली, थांबा, आणि त्याच्यामागे
गुडघ्यांवर रांगत गेली, हातात काडी,
सरड्यामागं पोर जावं तशी.

संध्याकाळी बघितलं तर मोहाखाली कुणी नव्हतं.
दगडावर त्याची थापटणी ठेवलेली,
गवत एका रेषेत बसवायची, सागाची,
मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली.
मी हाक मारली, डोलूकाका, विसरलात!
झाडीतून आवाज आला,
“तुम्ही हात लावला आता. मले चालणार नाही.”

मी अजून हात लावला नव्हता.
मग लावला.