एक लांब, दोन आखूड

मंगळवारपासून हेच चाललंय.
चक्र फिरतं, अडखळतं, निळा पडदा येतो,
पडद्यावर आडवं पडलेलं उदास तोंड:
दोन टिंबं, एक कंस.
मग आपणच बंद, आपणच सुरू,
उंबऱ्यापर्यंत येऊन
काहीतरी विसरलं म्हणून परत आत जाणाऱ्या माणसासारखं.

मासे धुरावणाऱ्या तीन भट्ट्यांचे हिशेब त्याच्या पोटात.
सात तारखेला व्हॅट भरायचा.
आज पाच.

सेफ मोडमध्ये येतं तेवढं वर.
काळी पाटी, चार कोपऱ्यांत चारदा तेच नाव,
आयकॉन थालीपिठाएवढे.
आवाज नाही, इंटरनेट नाही:
आजारपणातली पेज.
पेजेवर माणूस जगतं.
व्हॅट भरता येत नाही.

इस्लामपूरला दिगंबरमामा रेडिओ उघडायच्या आधी म्हणायचे,
पहिला प्लग बघ, मग पत्रिका.
प्लग बघितला. पत्रिकेसाठी स्क्रूड्रायव्हर घेतला.
आत धुळीची गोधडी,
आर्ब्रोथची खारट, चिकट धूळ,
आणि पंख्याला गुंडाळलेला एक लांब केस.
माझाच. काळा आहे, म्हणजे जुना.

रॅमच्या पट्ट्या उपसल्या,
त्यांचे सोनेरी दात लेकीच्या खोडरबरने घासले,
ग्राफिक्स कार्डही काढून पुसलं,
फुंकर मारली, सगळं जागच्या जागी.
बटण दाबलं.

आता निळा पडदासुद्धा नाही.
नुसता काळोख, आणि आतून
पीऽऽप. पिप. पिप.
परत.
पीऽऽप. पिप. पिप.

खालचा नॉर्मन स्वँकी नेमका तेव्हा डबा द्यायला आला.
(रिकामा डबा परत करू नये हे मी त्याला शिकवलेलं नाही,
तरी आत दोन अंडी.)
दारातच थांबला, मान तिरकी करून.
चाळीस वर्षं बोटीवर काढली,
पण कॉम्प्युटरला हात लावायला भितो.
म्हणाला, "याने जाळी टाकलीत."
"काय?"
"धुक्यात भोंगा असाच देतात. एक लांब, दोन आखूड.
म्हणजे मी बुडत नाहीये. कामात आहे,
मला चटकन बाजूला होता येत नाही.
तूच जरा जपून ये."

खिडकीबाहेर बंदर नव्हतं.
समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला इकडे हार म्हणतात.
पहिल्या वर्षी रेडिओवर ऐकलं, उद्या सकाळी किनाऱ्यावर हार,
मी म्हटलं, कुणाचा सत्कार?
श्रीरंग म्हणाला, सत्कार कसला, आपली.

मदरबोर्डची पुस्तिका शोधली. शेवटून दुसरं पान.
एक लांब, दोन आखूड: ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाही.
रॅम बिचारी निर्दोष.
घरात होतं तसंच झालं,
जी हाताशी असते तिलाच बोलणी.

जपून गेले.
कार्ड काढलं, सरळ धरलं, अंगठ्याने दाबलं,
आणखी थोडं,
मोडेल अशी भीती वाटेपर्यंत,
तेव्हा कुठे कट् झालं.
नॉर्मनने श्वास सोडला, माझ्याआधी.

सुरू झालं. रंगांसकट.
फक्त घड्याळात २०११चा एक जानेवारी,
मध्यरात्र उलटून चार मिनिटं.
आतला नाण्याएवढा सेल संपलाय.
त्या तारखेला मी इस्लामपुरात होते,
आर्ब्रोथ हा शब्द ऐकलाही नव्हता.

तारीख लगेच बदलली नाही.
चहा टाकला, अंडी उकडत ठेवली.
मग पाच तारीख लिहिली आणि हिशेब उघडला.

बाहेर कुणीतरी एक लांब दिला.
नॉर्मनचा कप हवेतच थांबला,
माझं बोट एंटरवर.
पुढच्या दोनांची वाट बघत
आम्ही दोघंही गप्प.