एक उघडी

डिसेंबरात तार्तूला साडेतीनलाच दिवे लागतात.
आडो थर्मासमधली कॉफी माझ्या कपात ओततो, विचारतो,
किती रात्री सापडल्या?
एक, मी म्हणते.

दीपगृहाची नोंदवही. एकोणीस वर्षं,
सहा हजार नऊशे चाळीस रात्री,
सगळ्या कुस्ताव पीहेलच्या हातच्या,
आता स्कॅन होऊन एका फायलीत कोंबलेल्या.
रोजचा शेरा अवतरणात. आमच्या भाषेत
ते चिन्ह उघडतं ओळीच्या पायाशी
आणि मिटतं तिच्या डोक्यावर.

मी पायथनला सांगितलं होतं:
पायाशी चिन्ह, मग टिंब, चांदणी, मग डोक्यावरचं चिन्ह.
टिंब म्हणजे कुठलंही अक्षर,
चांदणी म्हणजे हवं तितकं.
शिवाय सूट, की ओळ संपली तरी थांबू नकोस.

हवं तितकं म्हटल्यावर कोण थांबतं?
अधाशानं पहिल्या रात्रीचं दार धरलं
आणि शेवटच्या रात्रीच्या उंबऱ्यावर ढेकर दिला.
मधली वादळं, रॉकेलचे हिशोब,
मेंढी व्याली, दाढ दुखते,
सगळं एका घासात.

प्रश्नचिन्ह लाव, आडो म्हणाला.
या लायब्ररीतलं हे मला आवडतं:
हाव आवरायला चांदणीपुढे
एक प्रश्न पुरतो.
मग ती पावलागणिक थबकते,
पुरे का? इथे पुरे का?

रात्री सुट्या झाल्या.
„दिवा ३.५०ला लावला. वारा वायव्येचा.“
„काच पुसली. विशेष नाही.“
„काच पुसली. हेल्मी खोकते आहे.“
पडदाभर, पडद्यामागून पडदा.
मोजल्या: सहा हजार नऊशे एकोणचाळीस.

आडो त्याची बस पकडायला गेला.
मी तारखांशी तारखा लावत बसले.
चौदाव्या वर्षी, जानेवारीत सापडली:

„हेल्मी बर्फावरून निघाली, डॉक्टरकडे.
कंदील दिसतो. अजून दिसतो. अजून दिसतो

पुढे टिंब नाही. मिटणारं चिन्ह नाही.
पॅटर्न बिचारा तसाच चालत राहिला
कोऱ्या जागेतून, दुसऱ्या तारखेवरून,
पुरे का, इथे पुरे का,
थेट पुढल्या रात्रीच्या टोकापर्यंत:
„दिवा लावला.“
आणि दोन्ही रात्री मिळून एकच वाक्य समजला.

दुरुस्ती सोपी आहे. चौकटी कंसात बजावायचं,
वाटेत दुसरं उघडणारं चिन्ह भेटलं तर माघार घे.
मग ही रात्र जुळणारच नाही,
पुढची तेवढी सुटी होईल,
आणि गंमत म्हणजे आकडा तोच येईल.

आडो उद्या म्हणेल, एक चिन्ह हातानं घाल
आणि मोकळी हो, उर्वे.
घालीन. पण कुठे?
कुठल्या ‘अजून दिसतो’नंतर?

हीटर बंद झालाय. बोटं गार.
अहवालाच्या रकान्यात लिहिते:
६९३९,
आणि एक उघडी.